उलट्या अक्षरांची उमेदवारी

जुन्या कचेऱ्यांतून ‘उमेदवार’ नावाचा एक मनुष्य बसलेला असे. त्याला वेतन नसे, हुद्दा नसे, स्वतंत्र बैठकही बहुधा नसे. उमेद म्हणजे आशा, आणि ती धरून बसणारा तो उमेदवार, एवढाच त्या फारसी शब्दाचा अर्थ. कारकून रुजवात कशी घेतो, जमाखर्चाची बेरीज कोठे उतरवतो, मोडीतली ओळ बोरू न उचलता कशी चालवतो, हे त्याने पाहत राहावे, सांगितले तर दोन बंद नकलून द्यावेत, आणि एखादे दिवशी जागा मोकळी झाली म्हणजे तीवर त्याची नेमणूक व्हावी, अशी ती रीत होती. त्याला शिकवणे हे कोणाचेही कर्तव्य नव्हते. तो शिकलाच, तर आपल्या डोळ्यांनी शिके. अशा शिक्षणाची सनद कोणी देत नाही, आणि म्हणून त्याचा इतिहासही सहसा कोणी लिहीत नाही. मराठी मुद्रणाचा इतिहास वाचताना मला वारंवार या उमेदवाराची आठवण होते. कारण आपली भाषा ज्यांनी बोरूच्या टोकावरून शिशाच्या खिळ्यावर आणून बसवली, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती विद्या कोणी पद्धतशीर पढवली नव्हती.

ही विद्या किती बिकट होती, हे आज, खिळ्यांची छपाई जवळजवळ मावळली असताना, थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. टाइपाला आपल्या छापखान्यांतून ‘खिळा’ म्हणत. तो ओतण्यापूर्वी पोलादाच्या कांबीच्या टोकावर एक अक्षर उठावात आणि उलटे कोरावे लागे, हा पंच. तो तापवून, विझवून, कठीण करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे तेथे अक्षराचा सुलट खळगा पडे, ही मातृका. मातृका साच्यात बसवून वर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला म्हणजे खिळा तयार होई, आणि त्यावरचे अक्षर पुन्हा उलटे असे; कागदावर दाबल्यावर ते अखेरीस वाचकाच्या डोळ्यांना सुलट दिसे. म्हणजे एक ‘क’ वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वी दोनदा उलटा आणि दोनदा सुलटा होतो, आणि या चार अवस्थांपैकी कोणत्याही एकीत केसाएवढा फरक पडला तरी तो शेवटपर्यंत टिकतो. रोमन लिपीत हा खटाटोप मोठ्या आणि लहान मिळून पाऊणशे-शंभर चिन्हांपुरता आटोपतो. बालबोध लिपीत व्यंजने, अर्धी व्यंजने, जोडाक्षरे, वर जाणाऱ्या वेलांट्या आणि मात्रा, खाली जाणारे उकार, रफार, अनुस्वार, असा शेकडो खिळ्यांचा परिवार लागतो. त्यातही सर्वांत मोठी अडचण शिरोरेषेची. लिहिणारा माणूस ती एका ओढीत ओढून मोकळा होतो. परंतु छपाईत प्रत्येक खिळा आपल्या माथ्यावर तिचा एकेक तुकडा घेऊन येतो, आणि ते सारे तुकडे एका पातळीत आले नाहीत, तर शब्दावरची रेघ तुटक्या कुंपणासारखी दिसू लागते.

आपल्याकडे उलटे अक्षर कोरणारे कारागीर नव्हते काय? होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या होते. टांकसाळीतले नाण्याचे ठसे उलटेच कोरावे लागतात. सरकारी कागदावर जिने शिक्का आणि मोर्तब होई, ती मुद्राही उलटीच घडवावी लागे. तेव्हा छपाईची अर्धी विद्या या देशात शतकानुशतके नांदत होती, असे म्हणण्यास हरकत नाही. जे आपल्याकडे नव्हते ते एवढेच, की ओळीतून प्रत्येक अक्षर वेगळे काढावे, त्याच्या हव्या तितक्या सारख्या प्रती ओताव्यात, आणि काम झाल्यावर ती ओळ मोडून त्याच खिळ्यांतून दुसरी ओळ उभी करावी, ही कल्पना. शिक्क्यावरचा मजकूर एकदा कोरला की कायमचा. खिळ्यावरचे अक्षर मात्र आज एका वाक्यात, उद्या दुसऱ्यात. हा भेद हाताच्या कौशल्याचा नसून विचाराचा आहे, आणि तो पार करण्यास आपल्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

या प्रवासाच्या आरंभी सुरतेचा भीमजी पारेख उभा आहे. हा ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल. आपल्या धर्माचे जुने ग्रंथ छापावेत, अशी इच्छा धरून त्याने कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली, आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक छापण्याच्या सामग्रीसह विलायतेहून आला. परंतु तो छापणारा होता, अक्षरे घडवणारा नव्हता. देशी लिपीचे खिळे पाडणे त्याच्या विद्येच्या बाहेरचे होते. तेव्हा भीमजीने आपल्याच पदरी माणसे लावून तो उद्योग आरंभला, आणि त्या माणसांनी वाणी वळणाच्या अक्षरांत छापलेले काही कागद सुरतेच्या इंग्रजांनी स्वतः पाहिले, ते चांगले आणि सुवाच्य असल्याचे त्यांनी विलायतेस कळवले, एवढा दाखला कंपनीच्या पत्रव्यवहारात राहिला आहे. ती माणसे कोण होती, सोनार होती की शिक्के कोरणारी होती, हे त्या पत्रांत नाही. भीमजीचा उद्योग तडीस गेला नाही. परंतु विलायती मुद्रकाने हात टेकल्यावर देशी माणसांनी इतकी मजल मारली होती, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतरचा दाखला आपल्या घरचा आहे. पुण्यात नाना फडणवीसांच्या काळी, इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट दरबारी असताना, एका तरुण तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे छापण्यासाठी कोरवून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला. नानांचा अंमल संपला, कारागिराचा आश्रय तुटला, आणि तो मिरजेस पटवर्धनांकडे गेला. तेथे १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. तांब्यावर अक्षर कोरणे तांबटाला नवे नव्हते. ताम्रपट आपल्याकडे हजारो वर्षे कोरले जात आले आहेत. पण ताम्रपट स्वतः वाचायचा असतो, म्हणून तो सुलटा. हा पत्रा कागदावर उमटवायचा होता, म्हणून तो उलटा. ज्या हाताने बालपणापासून एकाच दिशेने छिन्नी चालवली, त्याने आता गीतेचे सातशे श्लोक उजवीकडून डावीकडे उभे केले. त्या तांबटाचे नाव मिरजेच्या गीतेहून अधिक मोठ्या अक्षरांत छापले जावे, असे मला मनापासून वाटते.

मुंबईत याच सुमारास एक पारशी गृहस्थ दुसऱ्या वाटेने त्याच मुक्कामास पोहोचले होते. बेहरामजी जिजीभाई छापगर हे ‘बॉम्बे कुरियर’ या इंग्रजी पत्राच्या छापखान्यात नोकरीस होते, आणि १७९७ मध्ये त्या पत्रात गुजराती अक्षरांतला जो मजकूर प्रथम छापून आला, त्याचे खिळे त्यांनी केले होते. रॉबर्ट ड्रमंड नावाच्या इंग्रज वैद्याने १८०८ मध्ये गुजराती, मराठी आणि इंग्रजी भाषांच्या व्याकरणाचे एक पुस्तक काढले. त्यात त्याने आवर्जून नमूद केले आहे, की चेंबर्सच्या कलाशास्त्रकोशात जेवढी माहिती मिळाली, तिच्याखेरीज कोणतेही साहाय्य नसताना या कुशल कारागिराने हा संच पुरा केला. परभाषेतला एक कोश, त्यातला मुद्रणावरचा मजकूर, आणि समोर रोज हाताळायचे रोमन खिळे, एवढ्या सामग्रीवर एका संपूर्ण लिपीचे धातुरूप उभे राहिले. त्यांच्यामागून फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत गुजराती छापखाना काढला, १८१४ मध्ये गुजराती पंचांग छापले, आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू केला.

हे पंचांग ध्यानात ठेवावे. नव्याने छापू लागलेला मनुष्य प्रथम पंचांगाकडेच का वळतो, याचे उत्तर साधे आहे. पंचांग घरोघरी लागते, तेव्हा खपाची चिंता नाही. आणि ते वर्षाअखेरीस मरते, तेव्हा दरसाल पुन्हा छापावेच लागते. पोथी एकदा बिघडली तर ती बिघडलेलीच चार पिढ्या वाचली जाते. पंचांगातला फिकट ठसा किंवा वाकडी ओळ चैत्र उजाडताच विस्मृतीत जाते, आणि छापणाऱ्याला पुढच्या वर्षी अधिक चांगले छापण्याची संधी मिळते. ज्याला गुरू नाही त्याला अशी दरसालची परीक्षा हाच मोठा आधार असतो.

आता मी या लेखातील मुख्य पुरुषाकडे येतो. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत छापखाना घातला आणि १८१७ मध्ये त्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. पुढे तेथून ख्रिस्ती धर्माची मराठी पुस्तके एकामागून एक निघू लागली. ती पाहून गणपत कृष्णाजी या भंडारी जातीच्या गृहस्थांच्या मनात आले, की आपल्या धर्माची पुस्तकेही अशीच छापून का निघू नयेत? गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात, गणपत कृष्णाजी हयात नसताना, त्यांच्या या खटपटीची हकीकत दिली आहे, आणि ती नसती तर आज आपल्याला फारच थोडे कळले असते. शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापण्याचे यंत्र, तेव्हा मुंबईत सहजासहजी विकत मिळत नसे. गणपत कृष्णाजींनी मिशनच्या छापखान्यातले यंत्र पाहिले, त्याच्यावरून आपल्या हाताने एक यंत्र तयार केले, लहानसहान दगडांचे तुकडे मिळवून त्यांवर छाप उठतो की नाही ते पाहिले, शाई स्वतः बनवली, आणि हे जमते अशी खात्री झाल्यावर लोखंडी यंत्र येथेच घडवून घेऊन मोठे दगड आणले. शके १७५३ मध्ये, म्हणजे १८३१ साली, त्यांनी पहिले छापील मराठी पंचांग काढले.

या हकीकतीतला क्रम मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी एकदम खिळ्यांना हात घातला नाही. शिळाछापात अक्षर कोरावे लागत नाही. स्निग्ध शाईने ते कागदावर लिहावे, तो कागद दगडावर दाबावा, दगड ओला करावा, आणि वरून शाईचा रूळ फिरवावा. ओला दगड शाई झिडकारतो आणि स्निग्ध अक्षर ती धरते. म्हणजे येथे पोथी लिहिणाऱ्या लेखकाचे वळणदार हस्ताक्षर जसेच्या तसे कागदावर येते. जी विद्या समाजापाशी आधीच होती, तिच्या खांद्यावर पाय ठेवून नवी विद्या वर चढते, तशी ही मधली पायरी होती. मात्र या पायरीवरही चार गोष्टी एकदम साधाव्या लागतात: दगडाचा पोत, पाण्याचे प्रमाण, शाईचा चिकटपणा आणि दाब. शाई पातळ झाली तर अक्षर फुगते, घट्ट झाली तर रूळ दगडावरची अक्षरे उपटतो. दगड नीट घासला नसेल तर मागच्या मजकुराचे भूत पुढच्या पानावर उमटते. शिकवणारा असता तर त्याने हे चार वाक्यांत सांगितले असते. शिकवणारा नव्हता, तेव्हा प्रत्येक वाक्याची किंमत वाया गेलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांनी चुकवावी लागली असेल. तो कागदही स्वस्त नव्हता.

आणि कारागिरीइतकीच कठीण अशी एक दुसरी अडचण होती. छापील कागदाला शिवू नये, त्याच्या शाईत चरबी असते, असा समज त्या काळच्या शास्त्री-भिक्षुकांत दृढ होता, आणि मिशनऱ्यांच्या पुस्तकांमुळे तो अधिकच बळावला होता. गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. आजच्या वाचकाला ही सोवळ्याओवळ्याची बाब क्षुल्लक वाटेल. मला ती तशी वाटत नाही. कोणत्याही शाळेत शिकवली न जाणारी गोष्ट त्यांनी येथे ओळखली होती, की माल उत्तम असणे पुरेसे नसून तो ज्याच्या देवघरात जायचा, त्याच्या मनाचाही विचार छापणाऱ्याला करावा लागतो. हळूहळू विरोध निवळला, पंचांगे घरोघर गेली, पोथ्या गेल्या. पुढे १८४० च्या दशकात त्यांनी खिळ्यांची विद्याही हस्तगत केली. खिळे पाडण्याचे यंत्र सिद्ध केले, लहानमोठ्या सर्व आकारांच्या अक्षरांच्या मातृका तयार केल्या, आणि शिळाप्रेसच्या जोडीला टाइपाचा छापखाना उभा केला. यंत्र, शाई, दगड, पंच, मातृका, जुळणी, विक्री अशी सात निरनिराळ्या धंद्यांची कामे एका माणसाने एका आयुष्यात आत्मसात केली. याला केवळ उपजत बुद्धी म्हणून बाजूला सारणारे लेखक मला भेटले आहेत. ते म्हणणे मला मान्य नाही. उपजत बुद्धीने कल्पना सुचते, शाई घट्ट होत नाही. ती पुन्हापुन्हा उकळूनच घट्ट होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी या साऱ्या इतिहासाच्या तळाशी आहे. आपल्या समाजात विद्या आणि हुन्नर ही वंशपरंपरेने चालत. तांबटाचा मुलगा तांबट, कासाराचा कासार. बाप हाच गुरू, घर हीच शाळा, आणि बाहेरच्याला तो दरवाजा बंद. छपाई हा मात्र असा धंदा आला, की ज्याला बाप नव्हता. तो कोणत्याही जातीचा वारसाहक्क नव्हता, म्हणून तो शिकवणारे घरही कोठे नव्हते. आणि म्हणूनच पारशी, भंडारी, मराठा असे कोणीही, डोळे उघडे असतील तर, त्यात शिरू शकले. गुरू नसणे हे त्या कारागिरांचे दुर्दैव होते, यात शंका नाही. परंतु ज्या समाजात गुरूपर्यंत पोहोचण्याची वाट जन्मानेच ठरत असे, त्यात तेच त्यांचे दारही ठरले.

या दारातून आत आलेल्यांत सर्वांत दूर गेले ते जावजी दादाजी. त्यांचा जन्म १८३९ मध्ये मुंबईत, गरीब मराठा कुटुंबात झाला. शालेय शिक्षण नाममात्र. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अल्प वेतनावर खिळे घासण्याच्या कामाला लागले. तेथे टॉमस ग्रॅहॅम हा देवनागरी अक्षरे घडवणारा अत्यंत कुशल कारागीर होता, आणि त्याच्या हाताखालून निघालेले खिळे जावजींच्या हातांतून रोज जात. साच्यातून निघालेल्या खिळ्याला कडेने धातूची बारीक कूस राहते. ती घासून काढायची, पण अक्षराच्या अंगाला धक्का लावायचा नाही, हे ते काम. सर्वांत खालच्या पायरीचे हे काम मुलांकडे असे, आणि कारखान्यात त्याला प्रतिष्ठा नव्हती. परंतु दिवसभर बोटांच्या टोकांनी अक्षरांच्या कडा चाचपणाऱ्या मुलाला कोणता खिळा नीट बसेल आणि कोणता ओळीत डुगडुगेल, हे जितके कळेल, तितके मेजावरून कारखाना चालवणाऱ्याला क्वचितच कळेल. पुढे त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंदुप्रकाश’ येथील छापखान्यांत काम केले, आणि १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. पंच कोरण्याच्या कामी त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांची जोड त्यांना मिळाली. जावजींच्या नावाबरोबर हे नाव घेतले जात नाही, ते घेतले गेले पाहिजे. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला, आणि त्यातूनही प्रथम निघाले ते पंचांगच.

निर्णयसागरचे पान ज्याने एकदा हाती घेतले आहे, त्याला त्या अक्षराचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. शिरोरेषा अखंड, काना ताठ, जोडाक्षरे दाटीत असूनही मोकळी, आणि लहानात लहान टीपेच्या टाइपातही रफार आणि अनुस्वार आपापल्या जागी. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून याच छापखान्यातून निघू लागले. १८८६ मध्ये पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली, आणि संस्कृतातली कित्येक काव्ये, नाटके आणि अलंकारग्रंथ तिने प्रथमच छापील रूपात विद्वानांपुढे ठेवले. काशीच्या पाठशाळेपासून युरोपच्या विद्यापीठांपर्यंत संस्कृतचा अभ्यासक ज्या शुद्ध आणि सुबक प्रतीवर विसंबला, ती प्रत मुंबईच्या काळबादेवीजवळ कोलभाट गल्लीत छापली जात होती. आणि ती छापवून घेणारा पुरुष स्वतः संस्कृत पाठशाळेत बसलेला नव्हता. जावजींनी पंडितांना पदरी ठेवले, पाठ शुद्ध करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले, आणि अक्षर शुद्ध करण्याचे काम आपल्याकडे ठेवले. आपल्याला काय येत नाही, हे ज्याला नेमके कळते, त्याच्याच हातून असे विभागून काम होते. १८९२ मध्ये ते वारले, आणि पुढे त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांचे नाव त्या पुस्तकांवर दिसू लागले.

या परंपरेला आणखी एक शाखा फुटली, ती ओझरतीच सांगतो. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे कोणत्याही यंत्रशाळेत न जाता यंत्रविद्या शिकले. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकालाच ते या विद्येतले आपले गुरुस्थान मानीत. इंग्लंडात जाऊन त्यांनी खिळे ओतण्याचे ‘भिसोटाइप’ यंत्र निर्माण केले, दादाभाई नौरोजींनी त्यांच्या मागे आपले वजन उभे केले, आणि १९३५ मध्ये अमेरिकेत त्यांचा अंत झाला. बेहरामजींचा कोश आणि भिसे यांचे नियतकालिक यांच्यामध्ये शंभर वर्षे गेली; परंतु शिकण्याची रीत तीच राहिली.

या कारागिरांपैकी कोणीही आपण कसे शिकलो, याचे पुस्तक लिहून ठेवले नाही. ज्यांनी इतरांच्या ग्रंथांसाठी लक्षावधी खिळे ओतले, त्यांनी स्वतःसाठी चार पाने जुळवली नाहीत. पंच कोणत्या कानशीने घासावा, तांब्यावर तो किती खोल ठोकावा, शिशात अँटिमनी किती घालावी, हे सारे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि खिळ्यांचे कारखाने बंद पडले तेव्हा त्यातले पुष्कळसे त्या हातांबरोबरच संपले. त्यांचा जो काही लेख उरला आहे, तो धातूचा आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या छापखान्यांच्या माळ्यांवर अजूनही खिळ्यांच्या लाकडी पेट्या, काळवंडलेल्या मातृका, क्वचित एखाद्या फडक्यात गुंडाळलेले पंच पडलेले असतात, आणि वजनावर मोडीत निघण्याची वाट पाहत असतात. ज्या वाचकांच्या घरी किंवा ओळखीत असा एखादा छापखाना असेल, त्यांना माझी विनंती आहे, की त्या पेट्या भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकेक मातृका पुसून पाहावी, त्या संचाचा एक छाप कागदावर काढून ठेवावा, आणि त्या पेट्या जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या हवाली कराव्यात.